कोरी प्रत

खाणी बंद झाल्या आणि वस्तीला पहिल्यांदाच कळलं, की आपल्या घरांची कौलं तांबडी आहेत. इतकी वर्षं ती राखाडीच होती. धूळ बसायची, वाऱ्यानं थोडी उडायची, पुन्हा बसायची, आणि कौलांचा रंग विचारायला कुणाला सवड नव्हती. मग तपासणीवाले आले, खाणींच्या फाटकांना कुलपं ठोकून गेले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा अशी लख्ख झाली की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. खडीयंत्राची घरघर थांबली. त्या घरघरीखाली इतके दिवस दबून राहिलेला एक आवाज आता घरोघरी ऐकू येऊ लागला. तो खोकल्याचा होता.

सगळ्यात वाईट खोकला वस्तीच्या टोकाच्या घरातला. तिथं सुरुंगवाले आबा राहायचे. सव्वीस वर्षं त्यांनी दगडाला भोकं पाडली. भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं, हे त्यांचं काम. एका टिचकीत दगड आतून पोकळ आहे का भरीव ते सांगणारा माणूस आता स्वतः गुंडाळलेल्या गादीला टेकून दिवसभर बसून असायचा. आडवं झालं की जीव गुदमरायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "यांच्या छातीत आता हवेला जागाच नाही." त्यावर आबा म्हणाले होते, "खाण भरून आली म्हणायची." डॉक्टर हसले नाहीत. सून हसली, कारण कुणीतरी हसायला हवं होतं.

सून शिवणकाम करायची. खिडकीपाशी तिचं यंत्र, यंत्रावर टांगलेली माप घ्यायची पट्टी, खाली चिंध्यांचं गाठोडं. नवरा खाणी बंद झाल्यावर दूरच्या गावी रस्त्याच्या कामावर गेला होता, तो पंधरा दिवसांनी एकदा यायचा. त्यामुळे घरात आबा, सासूबाई आणि ती. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख अशी ही बाई. गिऱ्हाईक अंगानं सुटलं असलं तर ती म्हणायची, "कापडच आखूड आलं बघा यंदा." वस्तीतल्या बायकांना ठाऊक होतं की ही खोटं बोलते, आणि तेवढ्यासाठीच त्या तिच्याकडे यायच्या.

सासूबाईंचं वेगळंच होतं. त्या कुणावर आवाज चढवायच्या नाहीत. मांजरीनं दूध सांडलं तरी "अगं अगं" एवढंच. आणि घरातून बाहेर पडणाऱ्या कुणालाही त्या उपाशी जाऊ द्यायच्या नाहीत. दार अडवून उभ्या राहायच्या. यामागचं कारण सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्यांचा थोरला, सुनेचा मोठा दीर, विसाव्या वर्षी खाणीत गेला. त्या दिवशी सकाळी मायलेकरांचं भांडण झालं होतं. आई म्हणाली, "तोंड दाखवू नकोस मला." पोरगा ताटावरून उठून गेला, आणि खाणीत एकटाच रुसून कड्याखाली जाऊन बसला. तिथंच सुरुंग उडाला. असं मुकादमानं सांगितलं, आबांनी सांगितलं, आणि बाईनं ते बावीस वर्षं पदरात बांधून ठेवलं. तिनं तोंड दाखवू नकोस म्हटलं, आणि दाखवायला तोंड राहिलंच नाही.

तर एके दिवशी कामगार संघटनेचे चिटणीस फटफटीवर आले. काखेत एक जुना लॅपटॉप होता, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला.

"आबा, कायदा झालाय," ते दारातूनच म्हणाले. "धुळीचा आजार झालेल्याला घरी श्वासाचं यंत्र मिळणार. मागं बायकोला निवृत्तिवेतन. पण अर्ज संगणकावरच भरायचा. हातानं लिहिलेला चालत नाही. भरायचा, छापायचा, अंगठा करायचा, महिनाअखेरीच्या आत द्यायचा."

"माझ्याच्यानं तुमच्या कचेरीपर्यंत येणं नाही," आबा म्हणाले. एवढ्या बोलण्यात ते दोनदा थांबले.

"म्हणून तर यंत्रच घेऊन आलो. बाकीचे लोक कचेरीत येऊन भरतात, तिथंच छापून घेतात. तुमच्यासाठी घरपोच." ते सुनेकडे वळले. "ताई, तुम्हाला टंकायला येतं ना?"

"लग्नाआधी वर्ग केला होता. हळू येतं."

"हळूच बरं. चौदा पानं आहेत. ज्या चौकटीपुढं चांदणी आहे ती भरावीच लागते, नाहीतर छापतच नाही. बाकीच्या भरा न भरा. चार दिवसांनी यंत्र घेऊन कचेरीत या, मी छापून देतो."

"आधी कागदावर उतरवून घेऊ का?" सुनेनं विचारलं.

"दुप्पट काम कशाला? आबांना दोनदा बोलायला लावणार का?"

हे बरोबर होतं. त्या वेळी तरी सगळ्यांना बरोबरच वाटलं.

पहिल्या दिवशी अर्जानं आबांचं नाव, जन्म आणि उंची विचारली, आणि मग खरी मेख पुढं आली. आजवर काम केलेल्या सर्व खाणींची नावं, वर्षं, मुकादमाचं नाव, हत्यार, सोबतचे दोन साक्षीदार. खाणमालकांनी कधी हजेरीची वही ठेवलीच नव्हती. होतं ते सगळं आबांच्या डोक्यात.

"पहिली वाकडी खाण," आबांनी डोळे मिटून सुरुवात केली. "मुकादम... तो बहिरा. सगळे बहिराच म्हणायचे."

"असं नाव घेणार नाहीत आबा. खरं नाव?"

आबा आठवत राहिले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. सासूबाई चुलीपाशी पाणी तापवत होत्या, त्यांनी काम थांबवलं. अखेर आबांना नाव आठवलं. सुनेनं एक एक अक्षर शोधून टाकलं. तेवढ्या वेळात आबांचा श्वास परत जागेवर आला, म्हणजे तिचं हळू टंकणं त्यांच्या पथ्यावरच पडलं.

असं तीन दुपारी चाललं. सकाळी ती शिवायची, दुपारी शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा टाकून लॅपटॉप मांडायची. संध्याकाळी झाकण नुसतं मिटून ठेवायची आणि वायर खोचलेलीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी उघडलं की सगळं जागच्या जागी. आबा तर रंगात आले होते. मेलेली माणसं, बुजलेल्या खाणी, कुठली पहार कुणी मोडली, कुणाच्या डोळ्यात कपची गेली, हातचं न राखता सांगत होते. चौदा खाणी भरल्या. सासूबाई मध्येच म्हणायच्या, "तिथं दोन नव्हे, अडीच वर्षं. धाकट्याला तेव्हा दात येत होते." आणि तेच बरोबर निघायचं.

नवव्या पानावर घोडं अडलं. 'पुरविण्यात आलेली मुखपट्टी वापरली काय? होय / नाही.'

"पुरवली कुणी?" आबा म्हणाले.

"तसा पर्याय नाही. होय किंवा नाही."

"होय म्हटलं तर?"

"मुखपट्टी बांधूनसुद्धा आजार झाला, म्हणजे धुळीचा नाही म्हणतील."

"आणि नाही म्हटलं तर?"

"दिली असून बांधली नाही, म्हणजे चूक तुमची."

आबांनी फडक्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "नाही टाक. सवयच आहे."

चौथ्या दुपारी शेवटचं पान उरलं. त्यावर एकच मोठी चौकट होती. 'अर्जदारास अन्य काही नमूद करावयाचे असल्यास स्वतःच्या शब्दांत नमूद करावे.' तिच्यापुढं चांदणी नव्हती. सून म्हणणार होती की झालं आबा, संपलं. पण आबांनी बायकोला हाक मारली.

"पाणी संपलंय बघ. टाकीवरून दोन घागरी आण."

"सकाळीच भरलंय की."

"ताजं आण."

सासूबाई घागर घेऊन गेल्या. त्यांची पावलं वळणापलीकडं गेली असं कानांनी तपासून आबा म्हणाले, "आता लिही. मी म्हणतो तसंच लिही. सुधारू नको."

ते थांबत थांबत बोलत होते. सुनेची बोटं अक्षरांवर चालली होती, आणि आपण काय लिहितोय ते तिला एक ओळ उशिरा कळत होतं.

"थोरला रुसून बसला नव्हता. भोक मी पाडलं. वात मी लावली. माझी पहार कड्यापाशी राहिली. मी म्हटलं, जा, घेऊन ये, वेळ आहे. वेळ नव्हता. लिहिलंस?"

"लिहिलं."

"मुकादम म्हणाला, तुझं नाव आलं तर तू आत जाशील, धाकटा लहान आहे. सांग, पोरगं आपणहून बसलं होतं. मी तसं सांगितलं. घरी आलो तर ही ऊर बडवत होती. म्हणत होती, मी उपाशी धाडला, माझ्या बोलण्यानं गेला." आबांनी हात वर केला, थांब म्हणून. छातीचा भाता वरखाली झाला. "मी ऐकून घेतलं. तिला तसं वाटलं, आणि मी वाटू दिलं. बावीस वर्षं. पोरगा हसत गेला होता पहार आणायला. खाणीत आल्यावर रागबीग सगळं विसरला होता. हे पण लिही. हसत गेला होता."

सुनेला अक्षरं दिसेनात. पदरानं डोळे पुसून तिनं ते लिहिलं.

"आबा, हे आईंना तुम्हीच सांगा ना."

"तिच्या तोंडावर सांगायची छाती नाही." मग स्वतःच्याच शब्दावर ते कडवट हसले. "कसलीच नाही राहिली. मी गेलो की हा कागद तिला वाचून दाखव. सरकारी कागदावर आलं म्हणजे आलं."

सासूबाई घागर कमरेवर घेऊन आल्या तेव्हा आबा डोळे मिटून होते. चेहरा मात्र असा मोकळा, की त्या म्हणाल्या, "आज बरं वाटतंय वाटतं?"

"झालं एकदाचं," आबा म्हणाले.

आता ठेवायचं. सुनेनं वरच्या कोपऱ्यातली खूण दाबली. पडद्यावर एक करडी पाटी आली. तिनं मोठ्यानं वाचली, "सदर नमुन्यातील भरीत तपशिलाचे जतन अनुज्ञप्तीअभावी अनुज्ञेय नाही. कोरी प्रत जतन करावी काय?"

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

"सरकारी बोलतंय. अनुज्ञ... काहीतरी." पहिलं वाक्य तिच्या डोक्यावरून गेलं होतं. दुसरं मात्र तिच्या धंद्यातलं होतं. तिच्याकडे बायका कोरं कापड घेऊन यायच्या. कोरं म्हणजे न धुतलेलं, ठाणातून नुकतंच फाडलेलं, करकरीत. "विचारतंय, कोरी प्रत ठेवू का? म्हणजे नवी, स्वच्छ."

"मग जुनी मळकी कशाला? कोरीच ठेव."

सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "कोरीच बरी बाई. सरकारात द्यायचीय."

तिनं 'होय' दाबलं. यंत्रानं 'जतन झाले' असं सांगितलं. मग तिनं फुली दाबून अर्ज मिटला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा लॅपटॉप पुरता बंद केला. तिघांनी चहा घेतला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी तिघं एका वेळी चहा प्यायले.

दुसऱ्या सकाळी ती निघाली तेव्हा सासूबाई दारात उभ्याच होत्या. "दोन घास खाऊन जा. उशीर होऊ दे झाला तर." तिनं उभ्यानं दोन घास खाल्ले. बसमध्ये लॅपटॉप ओढणीत गुंडाळून मांडीवर धरला. खड्डा आला की ती दोन्ही हात त्यावर ठेवायची.

कचेरीत चिटणिसांनी वायर जोडली, अर्ज उघडला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हा भरलेला नाही."

"असं कसं? आतली पानं बघा."

त्यांनी पानं उलटली. चौदाच्या चौदा पानं. पांढऱ्या चौकटी, चौकटींपुढं चांदण्या.

"दुसरीकडे ठेवला का?"

"तिथंच ठेवला. त्यानं विचारलं, कोरी प्रत ठेवू का. मी हो म्हटलं."

चिटणिसांनी खात्याला फोन लावला. बराच वेळ "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, हे अर्ज भरायचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं आहे, ती भरायची परवानगी फुकट देते. भरलेलं साठवून ठेवायची परवानगी वेगळी विकत घ्यावी लागते. खात्यानं ती घेतली नाही. म्हणून भरायचं आणि लगेच छापायचं, एवढंच. इथले लोक भरून लगेच छापतात, म्हणून मलाही कधी कळलं नाही." ते खाली बघून म्हणाले, "कोरी म्हणजे रिकामी, ताई."

"म्हणजे लिहिता येतं, पण लिहिलेलं ठेवायचा हक्क नाही?"

"तसंच."

"मग ते गेलं कुठं?"

"कुठंच गेलं नाही. ते राहिलंच नव्हतं."

सून खुर्चीत बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली, कारण बसली असती तर उठता आलं नसतं. चार दुपारी एका माणसानं छातीत उरलेला वारा मोजून मोजून खर्च केला, आणि तिनं एका 'होय'नं तो फुंकून टाकला. तिला स्वतःच्या बोटांची किळस आली.

"उद्या शेवटचा दिवस," चिटणीस म्हणाले. "मीच येतो सकाळी, छापायचं यंत्र घेऊन. तिथंच भरू, तिथंच छापू. दुपारी तीनच्या आत मला परत निघावं लागेल. आबांना सांगा."

आबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बसमध्ये तिनं दहा तऱ्हा जुळवल्या. घरी आली तर दिवसभरात आबांचे ओठ निळसर झालेले. तिनं उंबऱ्यातच रडत सांगून टाकलं, "आबा, सगळं पुसलं गेलं."

आबांनी तिच्याकडे बघितलं. पहिला प्रश्न त्यांनी शब्दात विचारलाच नाही. नुसती मान बायकोच्या दिशेनं हलवली. ते पण?

"ते पण."

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "पहिल्यापासून घे."

सकाळी चिटणीस आले. चुलीपाशी छापायचं यंत्र मांडलं, वायर ओढली. खोलीत बसायला जागा राहिली नाही, म्हणून सासूबाई आबांना खेटून बसल्या आणि त्यांची पाठ चोळू लागल्या.

सुनेला मापं तोंडपाठ राहायची, तशी सालंही राहिली होती. ती स्वतःच बोलायची, "वाकडी खाण, तीन वर्षं," आणि आबा पापण्या मिटून हो म्हणायचे. पण मुकादमांची नावं, साक्षीदारांची नावं तिच्याकडे नव्हती, आणि तिथं चांदणी होती. प्रत्येक नावाला आबांना बोलावंच लागत होतं. एका श्वासात एक नाव. पाचव्या खाणीला खोकल्याची उबळ आली आणि फडक्यावर लाल डाग पडला. चिटणीस उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

"राहू दे ना," सासूबाई म्हणाल्या. "नको ते यंत्र. नको ते निवृत्तिवेतन."

आबांनी बोटानं खूण केली, चालू ठेव.

आठव्या खाणीनंतर ते अर्धंच नाव सांगायचे, पुढचं सासूबाई पुरं करायच्या. घरी भाकड गप्पांत ऐकलेली नावं त्यांना इतकी पाठ होती हे त्यांनाही माहीत नव्हतं. मुखपट्टीच्या जागी सुनेनं न विचारता 'नाही' टाकलं. दोन वाजून गेले. चिटणीस मनगटाकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

शेवटचं पान आलं.

आबा एकदम सरळ झाले. गादीवरून पाठ सोडवून त्यांनी हाताचा पंजा उचलला, सुनेकडे केला, मग बायकोकडे बघितलं. बायको त्यांच्या खांद्याला लागून बसली होती. तिला आज पाण्याला धाडायला कुणाच्या तोंडात वारा नव्हता. आबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. "पहा..." एवढं आलं. पुढं नुसती शिट्टी.

"पाहा म्हणतायत," चिटणीस घाईनं म्हणाले. "काय पाहू आबा?"

सुनेला माहीत होतं, पाहा नव्हे, पहार. आणि तिला त्यांच्या गळ्याची ताणलेली शीर दिसत होती, निळे ओठ दिसत होते, आणि घड्याळ दिसत होतं. परक्या माणसासमोर, आईंच्या देखत, हे आता वाक्यावाक्यानं ओढून काढायचं म्हणजे हा जीव इथंच जाईल असं तिला वाटलं. ती मायेनंच म्हणाली, यात शंका नाही. ती म्हणाली, "त्याला चांदणी नाही आबा. राहू दे."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग पंजा हळूच खाली आला.

यंत्रानं करकर करत चौदा पानं दोनदा बाहेर टाकली. चिटणिसांनी आबांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. एक प्रत घरी ठेवली, एक घेऊन ते फटफटीवर धावले. अर्ज वेळेत पोचला.

आबा त्यानंतर सहा दिवस होते. बोलले नाहीत. सून एकदा कानाशी वाकून म्हणाली, "मी सांगेन आईंना, सगळं, तुमच्याच शब्दांत." त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिला आजवर ठरवता आलेलं नाही. सातव्या सकाळी सासूबाई त्यांच्या तोंडाशी चमच्यानं चहा धरून बसल्या होत्या, आणि चहा ओठांच्या कोपऱ्यातून खाली आला. श्वासाचं यंत्र मंजूर झाल्याचा कागद त्यानंतर आला. निवृत्तिवेतनही मंजूर झालं. नवरा चार दिवस येऊन, रडून, परत कामावर गेला.

एका दुपारी सासूबाईंनी ती घरची प्रत फडताळातून काढली आणि सुनेपुढं ठेवली. "वाच. पहिल्यापासून. त्या दिवशी माझं सगळं लक्ष त्यांच्या पाठीकडं होतं."

सुनेनं शिवणयंत्र थांबवलं. खाली बसून ती वाचू लागली. वाकडी खाण, तीन वर्षं. सासूबाई हात मांडीत ठेवून ऐकत होत्या, मध्येच "हो, हो" म्हणत होत्या. एका नावाला हसल्या. मुखपट्टीशी आल्यावर म्हणाल्या, "मेले." तेवढा एकच शब्द, तोही हळू.

शेवटचं पान आलं तशी सुनेनं कागद जवळ घेतला. वाचल्यासारखं करून सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण सासूबाईंची नजर कागदावरच होती. तिनं कागद खाली ठेवला.

"आई, इथं आबांनी एक सांगितलं होतं. पहिल्या वेळी भरला तेव्हा. तुम्ही पाण्याला गेला होतात."

तिनं सांगितलं. भोक, वात, पहार. वेळ आहे म्हणाले, वेळ नव्हता. मुकादम काय म्हणाला. हसत गेला होता. एक शब्द तिनं सुधारला नाही. मध्ये कुठं थांबलीही नाही.

बाहेर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. मग सासूबाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण काळं कुठं आहे आणि पांढरं कुठं, ते दिसायला शाळा लागत नाही. त्यांचं बोट ओळींवरून सरकत खाली आलं आणि चौकटीत थांबलं.

"हिच्यात?"

"हो."

"हिच्यात तर काही नाही गं."

"पुसलं गेलं, आई. त्या यंत्रानं ठेवलं नाही."

"बाकीचं सगळं परत लिहिलंत की. चौदा खाणी लिहिल्या. माझ्यासमोर लिहिल्या. एवढंच राहिलं?"

"त्यांना सांगायचं होतं. मीच म्हटलं, राहू दे. माझं चुकलं, आई. आईशपथ, ते म्हणाले होते."

सासूबाईंनी कागदाची घडी घातली, घडीवर हात फिरवला. मग तोच हात सुनेच्या गालावर ठेवला. तो खरखरीत होता.

"तुझ्या तोंडून कधी कुणाला लागेल असं निघत नाही. मला माहीत आहे, तू माझ्या जिवासाठी सांगतेस. पण मेलेल्या माणसाच्या माथी असलं मारू नये, पोरी."

"आई, खरंच—"

"त्याला मी उपाशी धाडला," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आता तू नको रडू."